डावा अंगठा

दिवसभर मी लोकांचे अंगठे धरतो.
"डावा. सरळ. दाबा. पुसा, पुन्हा दाबा."
दुय्यम निबंधक कार्यालय, दुसरा मजला,
लिफ्ट बंद, झेरॉक्स खाली.
माझ्या हातून आजवर किती गुंठे गेले
ते मी मोजत नाही.
मोजणीवाले निराळे, त्यांचं ऑफिस समोर.

रात्री कात्रजला, घर झोपलं की
माझा स्वतःचा अंगठा कामाला लागतो.
बेटावर तेव्हा नुकतं उजाडलेलं असतं.
काचेवर एकदा आडवं बोट ओढलं
की बारा वाफे पेरून होतात.
मका चार मिनिटांत, भोपळा दोन तासांत,
अननसाला मात्र अख्खा दिवस,
म्हणून तो मी सकाळी चपला घालता घालता लावतो
आणि स्वारगेटच्या सिग्नलला उगाच आठवतो.

तिथे सातबारा नाही. फेरफार नाही.
बांध कोरणारा चुलतभाऊ नाही.
समुद्राचा एक तुकडा हवा असला तर
चाळीस शिंपले मोजायचे,
पाणी निमूट मागे सरतं,
कुणाची हरकत येत नाही.
वैजू म्हणते, "पन्नाशी आली आणि गाजरं काय काढता?"
तयार झाली की काढावीच लागतात.

शेजारच्या बेटावर चिमणी_५८ राहते.
तीन वर्षं झाली. बोलणं नाही, खेळात ती सोयच नाही;
चार चित्रं आहेत : नारळ, हसरा खेकडा,
पाऊस, आणि जोडलेले हात.
पहाटे सव्वाचारला ती माझ्या केळींना पाणी घालून जाते,
मी तिच्या कोंबड्यांना दाणे टाकतो.
सव्वाचारला जागं असणारं माणूस कोण असेल,
दूधवाली, नर्स, की झोपच न येणारं कुणी,
याच्या पुढे मी विचार नेलेला नव्हता.

मंगळवारी फुरसुंगीचा दस्त होता.
अकरा गुंठे, सहा वारस, एक बिल्डर,
बिल्डरचा पोरगा पांढऱ्या बुटांत.
सोजर ज्ञानोबा कामठे, पाचव्या.
अंगठा ठेवला. मशीन म्हणालं, नाही.
फुंकर घातली. तांबोळी मॅडमनी
ओला रुमाल दिला. नाही.
रेषा उरल्याच नव्हत्या,
ओढ्यातल्या गोट्यासारखा गुळगुळीत अंगठा.
तेवढ्यात त्यांच्या पिशवीत कोंबडा आरवला.

तोच. दोनदा, आणि शेवटी जरा घसरलेला सूर.
मका तयार झाला की आरवतो तो.

बाईंनी घाईने पिशवी दाबली,
कीर्तनात खोकला दाबावा तशी.
मी म्हणालो, "मावशी, दुसरं बोट ठेवा."
मग तिसरं. मग उरलेली.
शेवटी करंगळी चालली.
अकरा गुंठे करंगळीवर गेले.

आता हा कोंबडा काही एकट्या त्यांचा नाही.
पुण्यात हजार पिशव्यांतून आरवत असेल.
आणि चिमणी म्हणजे कुणीही,
अकोल्याचा एखादा हवालदारसुद्धा.
हे मी स्वतःला सांगत
सव्वाचारपर्यंत जागा राहिलो.

ती आली. केळींना पाणी घातलं.
आणि पहिल्यांदाच लगेच गेली नाही.
माझ्या बेटाच्या कडेला, समुद्राकडे तोंड करून
तिची ती टोपीवाली बाहुली
नुसती उभी.
मी चारही चित्रं पुन्हा पुन्हा बघितली.
नारळ शोभला नसता. खेकडा तर नाहीच.
हात जोडावेत, तर नेमके कशाबद्दल?
पाऊस पाठवला.

बराच वेळ काही नाही.
मग तिकडूनही पाऊस आला.

सकाळी स्वारगेटच्या सिग्नलला लक्षात आलं,
अननस लावायचा राहिला.