पाऊण चमचा

चौथीचा वर्ग, जांबोटी, श्रावणातला सोमवार.
साहित्य: एक स्टीलचा पेला, एक चमचा,
निलव्वाच्या डब्यातलं जाडं मीठ
आणि शाळेमागच्या विहिरीचं, उकळून निववलेलं पाणी.

सपाट चमचा मोजून टाकलं, ढवळलं.
"गेलं बाई," भरमाण्णा ओरडला, "मेलं की हो!"
मेलं कसं? चाख बघू.
त्यानं चाखलं, मग जोत्यानं, मग अख्ख्या बाकानं,
आणि भरमाण्णानं पुन्हा दोनदा,
खात्री पटली नव्हती म्हणून.

"उप्पु आहे आत," लगमव्वा म्हणाली,
तिच्या घरी मीठ आणि उप्पु
एकाच बरणीत असतात.

पुस्तक सांगतं, बशी उन्हात ठेवा.
पुस्तक लिहिणारा इकडं आला नसणार.
इथं ऊन पाहुण्यासारखं येतं,
चहाही न घेता उठतं.
खिडकीत बशी, बशीवर जाळी, जाळीवर बारा डोळे.
मंगळवार, बुधवार. गुरुवारी तर पाणी वाढलं.
वर बघितलं तर कौल सरकलेलं.

शेवटी निलव्वानंच बशी उचलली,
दासोहाच्या चुलीच्या वैलावर ठेवली.
भात शिजला, आमटी उकळली,
आणि वैलावर काहीच नाही,
बराच वेळ काहीच नाही.
मग काठाला एक पांढरी कड,
चंद्राची कोर असते तेवढी.
"येऊलंय! बाई, मीठ येऊलंय!"
स्वयंपाकघराच्या दारात इतकी ढकलाढकली
की निलव्वानं पळी उगारली.

खरवडून मोजलं. पाऊण चमचा.
पाव कुठं गेला?
सगळा वर्ग भरमाण्णाकडं बघायला लागला.

मग फळ्यावर दोन रकाने.
परत येतं. परत येत नाही.
जोत्याचा मामा शहापुरात मिठाईच्या दुकानात;
त्यानं सांगितलं, दूध आटवून आटवून कुंदा होतो,
त्याचं परत दूध होत नाही.
"बरं झालं," मागून कुणीतरी म्हणालं.
भाजलेलं रताळं, जळालेलं लाकूड,
फुटलेलं अंडं नव्हे, उकडलेलं,
असं सगळं उजवीकडं भरत गेलं.

मल्लेशनं हात वर केला, खाली घेतला, परत वर केला.
"बाई, शाळेची पाटी?
गेल्या साली रंगवली की.
भिजली की आतलं जुनं नाव दिसतंय,
वाळली की जातंय.
ते कुठल्या रकान्यात लिहू?"

खडू बोटांत धरून
मी जरा वेळ फळ्याकडंच बघत राहिले.
बाहेर पाटी भिजतच होती.
म्हटलं, सध्या पेन्सिलीनं लिही.

जेवणाची घंटा झाली.
पंगत बसली, ताटं वाजली,
आणि बघते तर बशी रिकामी.
निलव्वा म्हणाली, आमटी अळणी लागत होती,
जवळच होतं, टाकलं.
आठवड्याचा प्रयोग एका डावात!
मला हसावं की रागवावं कळेना.
मग शिक्षकाची खोड, विचारलंच:
आता हे मीठ परत कसं आणायचं?

कुणी म्हणालं, आमटी आटवायची.
कुणी म्हणालं, येणार नाही, पोटात गेलं.
लगमव्वानं भात कालवत, मान वर न करता सांगितलं,
"येतंय. आप्पाच्या शर्टावर येतंय.
खडीमशीनवरनं आला की पाठीवर असतंय,
पांढरं, नकाशागत.
आई धुते, परत येतंय."

कुणीच हसलं नाही.
भरमाण्णानं ताट चाटून पुसून स्वच्छ केलं.
मी प्रयोगवही उघडली,
निष्कर्षापुढची ओळ कोरी होती,
आणि तिथं मला
लगमव्वाच्या आप्पांचं नावसुद्धा माहीत नव्हतं.