जाळीची आतली बाजू

शेठ प्रत्येक गिऱ्हाईकाला वेगळा किल्ला सांगतो.
सकाळी बुंदी, जेवणानंतर आमेर,
आणि गाडीतून उतरताना कुणी चष्मा डोक्यावर सरकवला
तर थेट जोधपूर, राणीचा महाल, तिसरा मजला.
झरोका तोच.
ओशिवऱ्याच्या फर्निचर मार्केटात, गाळा नंबर बेचाळीस,
एका अंगाला पारशी पलंगाचे खांब,
दुसऱ्या अंगाला बंद पडलेल्या दवाखान्याची बाकडी,
मध्ये हा उभा, भिंत नसलेला.
कुणाचं तोंड तेवढं उचलून आणावं
आणि धड गावीच ठेवावं, तसा.

माझं काम घाण काढायचं.
टूथब्रश, कोमट पाणी, रिठा.
खाचेत ब्रश जात नाही तिथं दाभण.
दिवसाला वीतभर. घाई केली की रंगही निघतो.

वरचं छप्पर उलट्या होडीसारखं,
आमच्या वेसाव्याला होड्या किनाऱ्यावर ओढून झाकतात तशी.
त्याखाली कमान, नऊ पाकळ्यांची.
आठवी पाकळी जरा बुटकी आहे.
मांगीलाल सुतार म्हणाला, तिथं कारागीर जेवायला उठला असेल.
तो असं बोलताना कधी हसत नाही.
तोड्यांवर हत्ती, सोंडेत कमळ,
डावीकडच्या हत्तीला एका बाजूला दोन डोळे,
पहिला चुकलेला, तसाच ठेवलेला.

हिरवा ऑइलपेंट निघाला, मधे कधीतरी तिथं कचेरी असणार.
त्याखाली निळा, त्याखाली गेरू,
आणि गेरूखाली केसाएवढी सोन्याची रेघ,
जी पाहून मी ब्रश खाली ठेवला आणि चहा मागवला.

कडेला भिंतीचा एक कपचा चिकटून आला होता.
मांगीलालने त्यावर अंगठा फिरवला. म्हणाला, अराइश.
चुना वर्षभर भिजवायचा, दही घालायचं, गूळ घालायचा,
मग अकीकाच्या दगडाने घोटत बसायचं
भिंतीत तोंड दिसेपर्यंत.
मी वाकून पाहिलं.
तोंड नाही दिसलं. गाळ्यातली ट्यूबलाइट दिसली,
थोडी वाकडी.

मग झरोका फिरवला.
बाहेरून प्रत्येक भोक सहा कोनांचं, बोट कापेल असं.
आतून सगळी गोल.
कपाळाच्या उंचीवर गुळगुळीत पट्टा, तेल प्यायलेला,
आणि त्याच्या हातभर खाली दुसरा,
पोराच्या उंचीचा.
ही बाजू कुठल्या कारागिराने केली, मी विचारलं.
मांगीलाल रंधा पारजत राहिला.

गुरुवारी वरळीच्या बाई आल्या, बरोबर डिझायनर पोरगा.
त्याच्या हातातल्या यंत्राचा लाल ठिपका
छपरावरून घसरत हत्तीच्या चुकलेल्या डोळ्यात थांबला.
लांबी बरोबर आहे, तो म्हणाला.
हॉलमध्ये एसीच्या तोंडावर बसवायचाय.
जाळीतून हवा नीट येईल ना?
मांगीलाल म्हणाला, तेवढ्यासाठीच तर केली होती.
फुलांची बाजू खोलीकडे ठेवू, बाई म्हणाल्या,
मागचं काय, दिसणारच नाही.
शेठ म्हणाला, जोधपूर.

भोकं सगळी मोकळी कर, मला सांगितलं.
एकशे अठ्ठ्याऐंशी भोकं.
खालून तिसऱ्या ओळीत एकात बोळा होता.
दाभणाने ओढून काढला, मांडीवर उलगडला,
चुंदडीचा तुकडा, लाल, पिवळ्या ठिपक्यांचा, दोन बोटांएवढा.
थंडी वाजते म्हणून कुणी कोंबला असेल,
किंवा समोरच्या बुरुजावरून कुणी टक लावतं म्हणून,
किंवा पोराचा खेळ.
घड्या इतक्या पक्क्या
की सोडल्याबरोबर तो आपणच मिटला.

शनिवारी टेम्पो आला.
हमाल दोर वळत होते, शेठ पावती फाडत होता.
मी दाभण घेतलं आणि बोळा होता तिथंच परत बसवला,
घट्ट, आतून.

वरळीला हवा येईल
एकशे सत्त्याऐंशी भोकांतून.