भिंतीतली कडी

इंगेगेर्डबाईंच्या हातात मिटलेली पिवळी छत्री.
पाऊस नाही. छत्री आम्हां चौदा जणांसाठी आहे :
तिचं टोक दिसेल तिकडे चालायचं,
दिसेनासं झालं तर जागीच थांबायचं.
तीस वर्षं त्यांनी या जुन्या स्टॉकहोममध्ये टपाल वाटलं.
राजवाडा दाखवताना घाईत असतात,
दारांपाशी मात्र रेंगाळतात.
या दाराची फट अरुंद, जाड पाकीट जायचं नाही.
या दारामागे कुत्रा होता. तो गेला, मग त्याचा मुलगा.
दोघांनाही माझी उजवी पोटरीच आवडायची.

सगळ्यांत चिंचोळ्या बोळात
हात पसरायला गेलं तर कोपरं टेकतात.
एकेकाने फोटो काढून घेतला.
माझा काढला एका कोरियन मुलाने,
त्यात मी अंग चोरून, तिरकी उभी आहे.
पलंग आणि कपाट यांच्या मधून
अशीच जात-येत असे मी, हातात भांडं घेऊन.

मग एका कोपऱ्यावर छत्री थांबली.
भिंतीत, कमरेच्या उंचीवर, लोखंडी कडी,
गंजून मऊ दिसणारी.
"इथे होड्या बांधत," बाई म्हणाल्या.
आम्ही पाणी शोधलं.
समोर आइस्क्रीमचं दुकान होतं.

समुद्र आटला नाही, जमीन वर आली.
इथे बर्फ होता, दोन-तीन किलोमीटर जाड,
त्याच्या भाराने खडक खाली दबलेला.
बर्फ जाऊन दहा हजार वर्षं झाली,
खडक अजून उठतोच आहे.
"वर्षाला किती?" जर्मन गृहस्थांनी वही काढली.
बाईंनी चिमटीत
तांदळाच्या दाण्याएवढी हवा धरून दाखवली.

ज्याने त्याने कडीला हात लावला.
मी दोनदा.

दुपारी धक्क्याच्या पायऱ्यांवर सगळे पांगले.
बाईंनी पिशवीतून पिळाचा गोड पाव काढला, मोडला,
अर्धा माझ्या हातावर ठेवला.
वेलदोडा! मी ओरडलेच जवळजवळ.
आमच्याकडचा, असं सांगणार होते,
तेवढ्यात त्या म्हणाल्या, "खास आमचा वास.
माझ्या पणजीच्या स्वयंपाकघरातला."
घास तोंडात होता, वाद राहून गेला.

एकट्याच आलात?
मोडक्या इंग्रजीत मी सांगितलं :
सासूबाई. अकरा वर्षं. अंथरुणावर.
मार्चमध्ये गेल्या.
पुढचं वाक्य इंग्रजीत जमेना,
मराठीतही अजून जमलेलं नाही.
बाईंनी सांत्वन केलं नाही.
टपालवाल्या माणसाला कळत असावं
कुठलं पाकीट सही न मागता
दाराखालून सरकवायचं आणि पुढे निघायचं.
छत्रीने एक सीगल हाकलला, म्हणाल्या,
"संपवा तो पाव. नाहीतर हा संपवेल."

रात्री अकरा वाजले तरी उजेड जायला तयार नव्हता.
खोलीचा काळा पडदा कडेने गळत होता.
चारला जाग आली. बरोबर चारला.
हात आपोआप शेजारी गेले,
एक मानेखाली, एक कमरेखाली,
आणि मी हॉटेलच्या लांबोड्या उशीला
अलगद कुशीवर वळवलं.
चादर चाचपली. कोरडी होती.

कितीतरी वेळ पलंगाच्या काठावर बसून राहिले.

खाली एक माणूस पाइप घेऊन
गल्लीतले दगड धूत होता,
शीळ घालत, जणू भर दुपार आहे.
त्याला बघायला म्हणून उठले.
आधी गुडघे वाजले,
मग पाठ सरळ होऊ लागली, आपल्या वेळेने.
खिडकीपर्यंत पोचले तेव्हा
अजून थोडी राहिली होती.