हवा

कोपरखैरणे, सेक्टर पाच.
महाडेश्वर स्टुलावर, दोन स्क्रू ओठांत धरून.
गिझरमधून कॉइल काढली :
क्षार चढलेला, बोटाएवढा जाड,
पानपट्टीवरच्या चुन्याच्या डबीसारखा.
"कधीपासून बंद?"
"कालपासून," मी म्हटलं.

तेवढ्यात लीड्सहून मुक्ताचा फोन.
आई, दोन स्वेटर घातलेत, रेडिएटर तापतच नाही गं.
"तो काय असतो?" स्टुलावरून.
मी फोन वर धरला.
भिंतीला टेकून उभा, पांढरा,
फासळ्या मोजून घ्याव्यात असा.
"खाली गरम, वर गार?"
"हो."
"हवा अडकलीय, ताई.
वर कडेला चौकोनी दांडी दिसते?
चावी लावून अर्धा आटा ढिला करा.
खाली फडकं धरा."

ड्रॉवर उघडल्याचे, भांड्यांचे आवाज.
मग फुस्स.
खूप वेळ चाललं ते.
आम्ही तिघंही ऐकत राहिलो.
मग पाणी आलं, काळं, म्हणाली मुक्ता,
आणि हसली.

"अकरा दिवस झाले," मी म्हटलं,
"गार पाण्यानंच करतेय अंघोळ."
फोन अजून चालूच होता.

महाडेश्वरनं कॉइल खरवडायला घेतली.
"वाटलंच," म्हणाला.
पावती एकाच कामाची केली.
साडेसहाशे.