मालाचं नाव

तुर्भ्याला खाणीकडे वळणाऱ्या रस्त्यावर
माझा काटा. चाळीस टनी.
लोखंडी पाट, पत्र्याची केबिन,
खिडकीला एवढीच फट
की पावती बाहेर जावी आणि नोट आत यावी.

हसुराम केणी पहिल्यांदा आला
तेव्हा गाडी स्वतःच चालवत होता.
सेकंडहँड टाटा, एका दिव्याची.
भातखाचरांचे पैसे सिडकोकडून आले,
भावांनी बुलेट घेतल्या,
ह्यानं ट्रक.
मी कराडकडचा, नवा. विचारलं, मालाचं नाव?
म्हणाला, खरी.
खरी काय?
तो हसला. आगरी तोंडात ड टिकत नाही,
गाडीची गारी होते, खाडीची खारी,
आणि खडीची
खरी.

मी तसंच लिहिलं. पुढे कोपरखैरण्याची
अर्धी सेक्टरं त्या चुकीवर उभी राहिली.

तशी अगदीच खरी नव्हे.
भरल्या गाडीला क्लीनर वर बसलेला,
रिकामीला खाली उतरून बिडी ओढत.
खेपेला साठ किलो, दिवसाला चौदा खेपा.
मी त्या वेळी खिडकीची काच पुसायचो.
माझ्या बहिणीच्या लग्नात
मांडवाचं भाडं त्यानं दिलं, न मागता.
हेही धरा वजनात.

एकाच्या दोन गाड्या झाल्या, दोनाच्या एकवीस.
क्रशर आला. मग गळ्यात साखळी,
मग वॉर्डातल्या प्रत्येक मंडपाच्या कमानीवर चेहरा.
स्थायी समितीत रस्त्याचं टेंडर निघालं
तेव्हा म्हणे तो 'खडी' म्हणाला,
स्वच्छ, ड वर जोर देऊन.
एक निवृत्त मास्तर रोज संध्याकाळी घरी यायचे शिकवायला.
आमदार झाला तोवर 'सदरहू'ही जमू लागलं.
पुढे राज्यमंत्री झाला
आणि वाट्याला आलं, हसू नका,
वजनं-मापं.

त्या वर्षी निरीक्षक माझा काटा तपासायला आला.
टेम्पोतून प्रमाणित वजनं उतरवली,
पाटाच्या चारी कोपऱ्यांवर ठेवून पाहिली.
केबिनच्या भिंतीवर साहेबांचा फोटो, हात जोडलेला.
काटा बरोबर होता.
काटा नेहमीच बरोबर होता.

वाढदिवसाला वह्यातुला ठरली.
मार्केटातून धान्याचा मोठा तराजू आणला, झेंडूनं मढवला,
आकडा पुकारायला मला बोलावलं, जुना माणूस म्हणून.
साहेब पारड्यात, मांडी घालून, डोळे मिटून.
चौऱ्याऐंशीला दांडी सरळ झाली.
मागून कोणी कुजबुजलं, एकशे एक म्हण.
मी माईकवर म्हटलं एकशे एक.
टाळ्या.
वरच्या सतरा किलो वह्या
कुठल्या शाळेला मिळाल्या, ठाऊक नाही.

खातेबदलात नाव गेलं. पुढच्या वेळी तिकीट.
मग एका रात्री, साडेअकराला,
गाडी लांब उभी करून चालत आला
आणि पाटावर येऊन उभा राहिला. एकटा.
"बग, कवरा भरतंय."

काट्याला माणूस नीट कळत नाही,
वीस-वीस किलोंच्या पायऱ्यांनी चढतो तो.
लाल आकडे हलले, थांबले. ऐंशी.
म्हटलं, शेठ, हा जवळपासचंच सांगतो.
"जवलपासचा चालल. पावती दे."
खिसे चाचपून वीस रुपये काढले.
आता शंभर घेतो आम्ही. मी बोललो नाही.

कॉम्प्युटर मालाच्या नावाशिवाय पुढे जात नाही.
विचारावंच लागलं.
तो खाणीकडे बघत राहिला,
पूर्वी जिथं डोंगर होता तिकडे.
"लिव," म्हणाला, "खरी."

मागे भरलेला डंपर येऊन ठेपला होता,
हॉर्नवर हात. पोरगेला ड्रायव्हर,
ह्याला ओळखतही नव्हता.
हसुराम पाटावरून उतरला, बाजूला झाला,
आणि दोन्ही हात वर करून, मागे मागे सरकत,
आन दे... आन दे... जरा डावी मार...
बस.

चाकं पाटाच्या अगदी मधोमध.