दोन, मगे परत दोन

पुस्तक म्हणतं, आधी खोड बघा.
फणसाच्या बेचक्यात हात घातला
तर मुंगसाच्या शेपटीसारखं काहीतरी, केसाळ,
मी झटकन हात मागे घेतला.
न्हानू गुरव हसला. त्याला फारसं दिसत नाही आता,
पण हसायची वेळ बरोबर कळते.

राई आचऱ्याच्या खाडीपासून हाकेवर.
आश्विनातली दुपार, गमबुटात पाणी,
गळ्यात भिंग, आणि डासांचं काय सांगू.

पुढचा प्रश्न: पानं एकाच तऱ्हेची, की दोन?
मी लिहिलं, एक.
हिरवं, हातभर लांब,
मधल्या शिरेला लागेपर्यंत कातरलेलं,
शिंप्याचं लक्ष दुसरीकडे असावं तसं.
बुडाशी बिनदेठाची, रुंद, तपकिरी होती
ती मेलेली म्हणून मोजलीच नव्हती.

"तां मेलला नाय," न्हानू म्हणाला.
"बाशिंगाचा तां तसांच आसतां. पाचोळो धरूक."
माझं बोट धरून त्या पानाआड घातलं:
कुजका पाला, एक मुंगळा,
आणि ओली काळी माती
जमीन सोडून छातीइतक्या उंचीवर.

खोडरबर काढलं. एकाचे दोन केले.

शेवटचा प्रश्न पानाच्या पाठीचा.
ठिपके मधल्या शिरेला धरून असले तर नाव वेगळं,
आडव्या शिरांच्या मध्ये दोन-दोन रांगांत असले तर हेच.
पण उजेड उतरला होता,
भिंगात नुसता काळोख मोठा होऊन दिसत होता.
न्हानूने देठ न दुखवता पान उलटं केलं,
तांदळातला खडा शोधावा तसा अंगठा फिरवला.
"दोन," म्हणाला. "मगे परत दोन."

राईतली काडीसुद्धा बाहेर न्यायची नसते.
चाकू पिशवीतच राहिला.
झाडावरच, पानाखाली कागद धरून
सुतळीने सैल बांधून आले.

सकाळी कागदावर पिवळसर धूळ,
रांगा जशाच्या तशा.
विचारलं, ही नेऊ?
तो देवळाकडे तोंड करून उभा राहिला,
इतका वेळ की माझ्या पायाला जळू लागली.
"कागद तुझो," म्हणाला. "धूळ फुकून टाक."

फुंकली. सगळी गेली नाही.

कॉलेजच्या कपाटात आहे तो कागद.
नमुना: काही नाही.
ओळख पटवणारे: न्हानू बाबी गुरव.
सर चष्मा वर करून म्हणाले,
हे कुठल्या विद्यापीठाचे?