गोडव

बॅनर छापायला टाकतानाच पहिला खोळंबा.
छापखान्यातला पोरगा म्हणाला, मॅडम, मराठीत काय टाकू?
मी लिहून दिलं: संघर्ष व्यवस्थापन,
महिलांसाठी आंतरराष्ट्रीय प्रशिक्षण,
अशोक चौकाजवळचं मंगल कार्यालय, सोमवार ते गुरुवार.
अंबक्का गुर्रमनं एकेक अक्षर लावत वाचलं आणि हसली:
"संघर्ष तर आम्ही करतो.
त्याचं व्यवस्थापन कारखानदार करतो."

मग शब्द शोधणं आलं.
तंटा म्हटलं तर कोर्ट,
कलह म्हटलं तर पोथी.
बिराजदार वहिनी म्हणाल्या, जगळ.
शमशाद म्हणाली, झगडा बोलो ना, सीधा.
अंबक्का म्हणाली, गोडव.
तेलुगूत भांडणाला गोडव म्हणतात,
आणि इकडं आपण एक काना देऊन
त्याचा गूळ करतो.
हे एमिनाला इंग्रजीत सांगताना माझी पुरती दमछाक झाली.
तिनं वहीत लिहून घेतलं, खाली दोन रेघा.

एमिना बोस्नियाची. थिलिनी लंकेची.
रवांडाच्या इमाकुलेला कडक भाकरी इतकी आवडली
की मोडून रुमालात बांधून ठेवायची,
शेंगाचटणीची पुडी वेगळी.
तिच्या गावाबद्दल कुणी विचारायचं नाही, असं आमचं ठरलेलं.
तिनंच सांगितलं, दुसऱ्या दिवशी, चहाच्या रांगेत,
हातातला कप जराही न हलवता.
त्यातलं मी निम्मंच मराठीत आणलं.
उरलेलं निम्मं अजून माझ्याकडंच आहे.

विडीवाल्या बायका सुपं घेऊनच आल्या होत्या.
हजाराचा आकडा कार्यशाळेसाठी थांबत नाही.
"समोरच्याचं आधी ऐकून घ्या," थिलिनी सांगायची,
आणि मागच्या रांगेतून दोरा तुटल्याचा
बारीक, एकसारखा आवाज.
एमिनानं एक विडी वळून पाहिली.
अंबक्कानं ती खिडकीच्या उजेडाला धरली: "छाट."
सगळं कार्यालय हसलं.
छाट म्हणजे काय, ते मी समजावलं:
वळायची आपण, नापास करायची त्यांनी,
पैसे नाहीत, आणि नापास झालेलीही तेच विकतात.
एमिना गप्प बसली थोडी.
"हा गैरसमज नाही," म्हणाली,
"ह्याच्यासाठी माझ्याकडं खेळ नाही."

तिसऱ्या दिवशी खेळ होता. कागदावर निळी नदी,
अलीकडचं गाव, पलीकडचं गाव.
दोन्ही गावं ऐन तावात आलेली
तेवढ्यात फोन वाजले, एकदम सात-आठ:
पाणी आलंय.
पाचव्या दिवसाचं पाणी, चौथ्याच दिवशी, भरदुपारी.
नदी तशीच फरशीवर टाकून
अर्धा हॉल घरी पळाला.
मला पळता येईना. मी यजमान.

आता खरं सांगते.
शेजारच्या रेणुकम्मा वंगारीशी
मी अडीच वर्षं बोललेले नाही.
नळाला मोटार आधी तिनं लावली की मी, एवढ्यावरून.
तिच्या नातवाच्या बारशाला गेले नाही,
घुगऱ्या आल्या त्या परत पाठवल्या.
आणि इथं गळ्यात ओळखपत्र अडकवून
जगभरची भांडणं
ह्या भाषेतून त्या भाषेत वाढत होते.

रात्री घरी आले तर पिंप काठोकाठ.
वर झाकण, झाकणावर वीट.
भिंतीवरून आलेला हिरवा पाइप तिचा.
दार तिचं बंद, आत टीव्ही चालू.
मी पाइप पुसला, गुंडाळला,
तिच्या उंबऱ्याशी ठेवला.
कडी वाजवली नाही.

गुरुवारी समारोप. प्रमाणपत्रं, फोटो,
पाहुण्यांना मोराच्या नक्षीच्या चादरी.
निघताना इमाकुले म्हणाली, तो शब्द पुन्हा एकदा म्हण.
म्हटला.
काना द्यायचा की नाही,
तिथं जीभ जरा अडली.

मोटारीचं अजून ठरायचंय.